ग्रॅमभाऊ

ग्रॅमभाऊंचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे आणि ते फक्त कुरिअरवाल्याच्या उपयोगाचं आहे. उरलेलं मनीषनगर त्यांना ग्रॅमभाऊच म्हणतं. वय निवृत्तीला टेकलेलं, नोकरी सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑडिट ऑफिसात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि खांद्याच्या कापडी पिशवीत एक डिजिटल तोलकाटा. हा काटा मुळात वहिनींनी केकसाठी मागवला होता. केक काही त्या घरात झाला नाही. मैदा मोजायची वेळ आली की काट्यावर कुणाचा तरी टूथब्रश आडवा पडलेला असायचा.

छंदिष्ट माणसं प्रत्येक लेआउटमध्ये असतात. आमच्या गल्लीत एकांनी गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या रचल्यात, दुसऱ्यांकडे जुन्या रेडिओंचं भांडार आहे, तिसऱ्यांनी कराओकेचा स्पीकर आणलाय. ही सगळी जमवणारी मंडळी. ग्रॅमभाऊ वजाबाकीवाले. त्यांच्या घरातला प्रत्येक टूथब्रश मधोमध कापलेला आहे, कारण दांड्याचा खालचा अर्धा भाग दात घासत नाही. शर्टांच्या कॉलरमागची लेबलं उसवलेली आहेत. कंगवा डोक्यावर उरलेल्या केसांच्या प्रमाणात ठेवून बाकीचा करवतीनं उडवलेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’वर त्यांचा एवढा जीव, की ते पुस्तक सॅकमधून नेता यावं म्हणून त्यांनी त्याचे पुठ्ठे काढून टाकले. “पुठ्ठा कोणी वाचते का?” असं ते विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या हातात कात्री असल्यामुळे कुणी वाद घालत नाही.

हे खूळ शिरलं ते चिखलदऱ्याला. ऑफिसच्या मंडळींबरोबर ते गाविलगड चढायला गेले होते. पाठीवर सतरा किलोंची सॅक. तिच्यात दोन चादरी, स्टीलचा डबा, पितळी तांब्या, चिवडा, घडीची खुर्ची आणि “असू द्या, लागलं तर” या सदराखाली वहिनींनी भरलेलं बरंच काही. घरी परतल्यावर बाकीच्यांनी खांदे शेकले. ग्रॅमभाऊंनी सॅक हॉलमध्ये उपडी केली आणि एकेक वस्तू तोलून वहीत उतरवली. ऑडिटरच्या आयुष्यात एखादी नोंद अशी सापडते, की पुढची सगळी वर्षं तो तिच्या मागे लागतो. ‘तांब्या : 612 ग्रॅम’ ही ती नोंद होती.

मग वाचन सुरू झालं. अमेरिकेत रे जार्डिन नावाच्या गिर्यारोहकानं 1992 साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही लांबलचक पायवाट चालणाऱ्यांसाठी एक पुस्तक काढलं. ओझं निर्दयपणे कमी करा आणि लागेल ती वस्तू घरी शिवा, ही त्याची शिकवण. तिच्यातून हलक्या सॅकवाल्यांचा एक पंथच उभा राहिला. जार्डिन हे ग्रॅमभाऊंचे गुरू. दैवत मात्र एमा गेटवुड. ही बाई 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अॅपलाचियन ट्रेल एकटी चालली. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड्या कापडाची थैली, पावसापासून आडोसा म्हणून न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. घरी काय सांगून निघाली? जरा फिरून येते.

“अन् तिला किती मुलं होती म्हणता?” वहिनींनी विचारलं.

“अकरा.”

“मग जंगलात झोप लागणारच न तिला. पहिल्यांदाच कोणी उठवत नसेल.”

पंथाचा मूळ मंत्र म्हणजे बेसवेट. सॅक भरून तिचं वजन करायचं, पण त्यात अन्न, पाणी आणि इंधन धरायचं नाही, कारण ते वाटेत संपतं. अंगावरचे कपडेही धरायचे नाहीत, कारण ते सॅकमध्ये नसतात. हा नियम वाचला त्या दिवशी ग्रॅमभाऊ ऑफिसातून पेढे घेऊन आले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या खात्यांत लपवलेली रक्कम शोधली होती. आता असं खातं सापडलं, की ज्यात जे जे जड ते हिशेबाबाहेर ठेवायची नियमातच सोय होती.

तिथून पुढे त्यांनी हा नियम आयुष्याला लावला. मेट्रो स्टेशनाजवळच्या ठेल्यावर ते पोहे मागवतात तेव्हा तर्री वेगळ्या वाटीत घेतात. प्लेटमध्ये फक्त पोहे, म्हणजे बेसवेट. तर्री हे द्रव्य, ती संपणार. दुसरी वाटी, तिसरी वाटी, हेही संपणारच. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी धाडस केलं. म्हणाले, “काहो भाऊ, ब्रश कापून सहा ग्रॅम वाचवले, पण हे जे समोर आहे ते?” आणि भाऊंच्या पोटाकडे बोट दाखवलं.

ग्रॅमभाऊ शांतपणे म्हणाले, “देह अंगावर असतो, सॅकमध्ये नसतो. तो धरत नाहीत.”

वहीत सगळ्यात मोठं सदर तंबूचं होतं : अडीच किलो. त्यावर उपाय एकच, हॅमॉक. दोन झाडांना बांधायचं कापड. जमीन ओली असो, दगडाची असो, उतरती असो, आपण वर. ग्रॅमभाऊ कुठलीही गोष्ट मुळापासून सांगतात, त्यामुळे हॅमॉकची हकिगत ते कोलंबसापासून धरतात : 1492 साली तो कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक झाडांमध्ये जाळ्या बांधून झोपत होते, मग दर्यावर्दींनी त्या जहाजांवर नेल्या, आणि खलाशी शतकानुशतकं त्यांत डुलले. ही हकिगत ऐकणारा बहुतेकदा सोसायटीचा वॉचमन असतो, कारण त्याला खुर्ची सोडून जाता येत नाही.

हलक्यातला हलका हॅमॉक परदेशातून मागवता आला असता. पण त्याची किंमत ऐकून वहिनी म्हणाल्या, “एवढ्यात नवा कूलर येतो.” नागपुरात या वाक्यापुढे अपील नाही. शिवाय विकतच्या हलकेपणात ग्रॅमभाऊंना रस नव्हता. तर ठरलं, घरीच शिवायचा.

कापड शोधायला गांधीबाग. पाहिजे होतं रिपस्टॉप नायलॉन. हे दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी तयार झालं. बारीक विणीत ठरावीक अंतरावर जाडसर धागे घालून छोट्या छोट्या चौकटी करतात. कापड कुठं फाटलंच तर फाट चौकटीच्या धाग्याशी येऊन अडते. लांबी सव्वातीन मीटर, पन्हा दीड मीटर.

“मंडपाले पाह्यजे का गाडीच्या कव्हरले?” दुकानदारानं विचारलं.

“झोपायला.”

“गादीची खोळ?”

“झाडाला बांधून झोपायला.”

दुकानदारानं पोराला दोन चहा सांगितले. गांधीबागेत गिऱ्हाईक समजेनासं झालं की आधी चहा सांगतात.

ठाणामागून ठाणं उलगडली गेली. एक कापड ग्रॅमभाऊंच्या बोटांना पटलं. पण बोटांची साक्ष ऑडिटला चालत नाही. त्यांनी दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून मागितला. एवढा तुकडा तोलला आणि शंभरनं गुणलं की चौरस मीटरचं वजन निघतं. पिशवीतला काटा गल्ल्यावर ठेवला, त्यावर तुकडा ठेवला. काट्यानं शून्य दाखवलं. उलटा ठेवला, शून्यच. घडी करून ठेवला, एक. पुन्हा शून्य. केकच्या काट्याला ग्रॅमच्या खालचं कळत नाही. तेव्हा ग्रॅमभाऊ तो तुकडा मुठीत धरून निघाले ते थेट इतवारीच्या सराफा बाजारात.

सराफानं मूठ उघडलेली पाहिली, कापड पाहिलं, कापडाच्या मागे दागिना आहे का तेही पाहिलं.

“वस्तू?”

“हीच.”

इतवारीचा सराफ गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. त्यानं चिमट्यानं तुकडा उचलून काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवला, पंखा बंद करायला लावला, श्वास धरला. “पॉइंट पंचावन्न,” तो म्हणाला. चौरस मीटरला 55 ग्रॅम! ग्रॅमभाऊंचा चेहरा उजळला. “यापेक्षा कमी भरेल असं काही दाखवू शकता का?” असं त्यांनी आनंदाच्या भरात सराफालाच विचारलं. त्या पेढीवर गिऱ्हाइकाच्या तोंडून असा प्रश्न आजवर आला नसावा. साऱ्या नागपुरात ग्रॅम मोजणारे दोनच : सराफ आणि आमचे भाऊ. पैकी सराफाकडे जाणाऱ्याला ग्रॅम वाढलेला हवा असतो.

शिलाईचं शास्त्र त्यांनी तोंडपाठ केलं होतं. लांबीच्या दोन्ही कडा दोनदा दुमडून टीप मारायची. रुंदीच्या टोकांना नेफा करायचा, त्यातून दोरी ओवायची, कापड चुण्यांनी गोळा करून घट्ट आवळायचं. धागा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा कुजतो. सुई बारीक. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण अशा कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. टाचण्यांऐवजी भाऊंनी घरातले सगळे कपड्यांचे चिमटे कापडाला लावले. त्या दुपारी वाऱ्याचा जोर होता. वाळत घातलेले त्यांचे दोन बनियन शेजारच्या बिल्डिंगीत उतरले. ते परत आणायला कुणी गेलं नाही. घरातलं वजन कमी झालं, एवढंच वहीत लिहिलं गेलं.

मशीनवर बसायची वेळ आली तेव्हा नायलॉन दातऱ्यावरून सरकायला लागलं. टीप वर्धा रोडनं निघाली आणि बेसा रोडला लागली. वहिनी स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. मशीनचा आवाज ऐकून टीप कुठं चुकली ते त्यांना कळतं. त्या आल्या, हात पुसला, “उठा” म्हणाल्या, आणि सगळ्या दुमडी, दोन्ही नेफे, सर्व काही चारच्या चहाआधी सरळ रेषेत मारून दिलं. ग्रॅमभाऊंनी उरलेले धाग्यांचे शेंडे कापून त्यांचं वजन उणे केलं. वहिनींची दुपार मात्र कुठल्याच सदरात दिसत नाही. बहुधा तीही संपणारी वस्तू असावी.

झोळी, दोऱ्या, झाडाला गुंडाळायचे दोन पट्टे, थैली, सगळं मिळून भरलं 446 ग्रॅम. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला एकच संदेश पडला : “446!!!” एकानं विचारलं, पाण्याचं बिल का? दुसऱ्यानं विचारलं, फ्लॅट भाड्यानं आहे का? तिसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं, कारण तो कशालाही तेच टाकतो.

या 446 ग्रॅमसाठी घरात काय काय आलं त्याचीही एक यादी होऊ शकते. नापास ठरलेल्या कापडांचे गठ्ठे दिवाणात आहेत. जाड सुतळीपासून माशांच्या जाळ्याच्या दोरीपर्यंत दोऱ्यांची रिळं दिवाणाखाली आहेत. वहिनींच्या मशीनवर भार नको म्हणून आणलेलं जुनं कारखान्याचं मशीन दोन हमालांनी जिना चढवलं. पाहुणे आले की त्यांना आता मशीनवर बसवतात. ग्रॅमभाऊंना हे बोलून दाखवलं तर ते थक्क होतात. “घर सॅकमध्ये कुठं असते?”

हॅमॉक बांधणं हे शिवण्यापेक्षा कठीण, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे आणि भौतिकशास्त्रात साळे असतात. नियम असा, की दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून उतरली पाहिजे. तेवढा कोन असला तर ऐंशी किलोंच्या माणसाचा प्रत्येक टोकाला ताणही ऐंशीच किलो पडतो. हौसेनं ताणून दोरी जवळजवळ सरळ केली, कोन पाच अंशांवर आला, की तोच ताण एकेका टोकाला साडेचारशे किलोंच्या पुढे जातो. म्हणून हॅमॉक सैल लोंबला पाहिजे आणि झोपणाऱ्यानं त्यात तिरपं झोपलं पाहिजे. मग पाठ सपाट राहते. शिवाय वरून एक बारीक दोरी लांबीच्या 83 टक्के मापाची बांधली, की झाडं जवळ असोत वा लांब, झोळीचा बाक बदलत नाही.

या कोनाची ग्रॅमभाऊंना अशी सवय लागली, की बेसा रोडच्या एका बांधकामावर मजूर बाईनं तान्ह्यासाठी बांधलेली साडीची झोळी पाहून त्यांनी स्कूटर थांबवली, मोबाइल काढला आणि दोरीला लावून कोन घेतला. बाईनं घाबरून विचारलं, “का हो गिस साहब?” भाऊ म्हणाले, “कुछ नहीं, तीस डिग्री. एकदम बराबर.” आणि समाधानानं निघून गेले. त्या झोळीची जागा दुसऱ्या दिवशी बदलली होती. कुठल्या तरी खात्याचा माणूस येऊन मोजमाप घेऊन गेला, आता इथं काहीतरी तोडणार, असा तिथं समज झाला होता.

आमच्या लेआउटच्या मोकळ्या जागेतली झाडं अजून मनगटाएवढीच आहेत, तेव्हा पहिली चाचणी गच्चीवर ठरली. एका बाजूला पाण्याच्या टाकीचा खांब, दुसऱ्या बाजूला जिन्याच्या खोलीचा खांब. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअरकाका खांबांची तपासणी करायला आले. त्यांनी खांबावर थापट्या मारल्या, कान लावला आणि “चालते” असा निर्वाळा दिला. ग्रॅमभाऊ पट्टा आणायला खाली उतरले, तेवढ्यात हिंगणघाटहून आलेले त्यांचे साळे वर पोचले. लोंबणारी झोळी पाहून त्यांना वाईट वाटलं. “हे काय लटकून राहिलं ढिल्लं? भाऊजींना जमतच नाही,” म्हणत त्यांनी खांब सोडून, जवळ पडतो म्हणून डिश अँटेनाचा पाइप धरला, गुडघा लावून दोरी कचकचून आवळली, कौतुकानं एकदा वाजवून पाहिली आणि आत बसले.

खाली तीन मजल्यांवर मॅच सुरू होती. ती एकदमच बंद पडली. पाइप, डिश आणि साळे या क्रमानं गच्चीवर आडवे झाले. धावत आलेल्या ग्रॅमभाऊंनी साळ्यांना उठवायच्या आधी पाइपाला उरलेल्या दोरीचा कोन मोजला. “चार अंश,” ते इंजिनिअरकाकांना म्हणाले. काकांनी मान हलवली. दोघांनी तिथंच बसून पाइपावर पडलेला ताण काढला. साळे आडव्या अवस्थेतच आपलं वजन सांगत होते, आकडेमोडीला ते लागणार होतं.

सेक्रेटरींची नोटीस लागली : गच्चीवर माणसं वाळत घालू नयेत.

तेव्हा जंगल. आणि इथं ग्रॅमभाऊंच्या नशिबानं त्यांची थट्टा केली. नागपूरच्या भोवती एवढी जंगलं आहेत, की दुसऱ्या कुठल्या शहराला हेवा वाटावा : उत्तरेला पेंच, दक्षिणेला ताडोबा, पूर्वेला नागझिरा, वर्धेकडे बोर, शिवाय उमरेड-कऱ्हांडला. झाडांना तोटा नाही. सागाची, ऐनाची, अंतराअंतरावर उभी, चांगल्या जाडीची झाडं. पण ही सगळी वाघांची घरं. तिथं सफारीच्या जिप्सीतून पाय खाली ठेवता येत नाही, मग दोन सागांच्या मध्ये कापड बांधून घोरणं तर दूरच. सह्याद्रीतल्या माणसाला कुठंही बांधता येईल असा हॅमॉक ज्यानं शिवला, तो राहायला नेमका व्याघ्रनगरीत.

तरी त्यांनी पेंचच्या सिल्लारी गेटवर विचारून पाहिलं. पाया पक्का करून गेले होते. झाडाची साल दुखावू नये म्हणून इंचभर रुंदीचे पट्टे वापरतो, खिळा ठोकत नाही, विस्तव करत नाही, कचरा करत नाही, पाऊलसुद्धा उमटत नाही. वनरक्षकानं सगळं ऐकून घेतलं.

“अन् हे जमिनीपासून किती वर राह्यते साहेब?”

“दीड फूट. खुर्चीएवढं. बसायला-उठायला बरं.”

“मंग तं वाघाले मानही वर कराले नको.”

शेवटी मार्ग निघाला तो बुद्धपौर्णिमेचा. त्या रात्री वनखातं ‘निसर्गानुभव’ कार्यक्रमात लोकांना पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसू देतं आणि चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करून घेतं. नोंद हा शब्द ऐकताच ग्रॅमभाऊंनी अर्ज भरला. मचाणावर त्यांच्या शेजारी एक तरुण वनमजूर होता. भाऊंच्या मांडीवर 446 ग्रॅमची थैली, हातात वही. रानडुकरांचा कळप आला, सांबर आलं, लांडोर ओरडली. वहीत जनावरांसमोर भाऊंनी अंदाजी वजनाचा रकाना आपल्या खर्चानं आखला होता. पहाटे तीनच्या सुमारास त्यांना राहवेना. अगदी हळू आवाजात म्हणाले, “अर्धा तास लटकू का? मचाणाच्याच दोन बल्ल्यांना, खालच्या बाजूनं.”

पोरानं पाण्यावरची नजर हलवली नाही. “साहेब, वाघ इथं पाणी प्याले येते. त्याले जेवणाचं कोणी सांगितलं नाई.”

सकाळी थैली जशी गेली तशी परत आली. तिला गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

एवढ्यावर दुसरा कुणी खचला असता. पण या जातीच्या माणसाला वापर लागत नाही, सुधारणा लागते. ग्रॅमभाऊंनी डिसेंबरच्या चिखलदऱ्याची तयारी काढली. थंडीत हॅमॉकचा एक मोठा दोष उघडा पडतो : पाठीखालून वारा जातो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. आत जाड दुलई अंथरली तरी भागत नाही, कारण आपल्या भारानं तिच्यातली हवा दबते, आणि ऊब धरते ती हवाच. म्हणून जाणकार दुलई आत न घालता झोळीच्या खालून लोंबती बांधतात. भाऊंनी तशी खालची दुलई शिवायला घेतली, म्हणजे वहिनींनी शिवायला घेतली, आणि ती पुरी होते न होते तोच मे महिना उगवला.

नागपूरचा मे. पारा पंचेचाळीसच्या पुढे, भिंती रात्री बारापर्यंत धग सोडताहेत, आणि ऐन अकराला लाइट गेली. कूलर थांबले. अख्खी बिल्डिंग उशा-चादरी घेऊन गच्चीवर आली. सेक्रेटरीही आले, त्यामुळे नोटीस आपोआप रद्द झाली. सतरंजीखालची फरशी तव्यावाणी तापलेली होती. लोक कूस बदलत होते, पाणी शिंपडत होते, वीज खात्याच्या नावानं बोलत होते. ग्रॅमभाऊंनी गाजावाजा न करता टाकीच्या आणि जिन्याच्या खांबांना हॅमॉक बांधला, तीस अंश मोजले, आत तिरपे झाले, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की हिवाळ्यात जो दोष तोच उन्हाळ्यात गुण. पाठीखालून वारा जात होता.

यापुढचं पाऊल फक्त नागपूरकराच टाकू शकतो. अस्सल नागपूरकराला वारा लागला की त्याला त्यात पाणी घालावंसं वाटतं. ग्रॅमभाऊ तसेच उठले, बंद पडलेल्या कूलरमधून वाळ्याची ताटी उपसून आणली, पाण्यात भिजवली आणि खालच्या दुलईच्या जागी झोळीखाली लटकवली. विदर्भातला उन्हाळा कोरडा, हवेला पाण्याची तहान. पाणी उडून जाताना गारवा सोडून जातं. कूलर चालतो तो यावरच, आणि पाऊस पडून हवा दमट झाली की रुसतो तोही यावरच. दहा मिनिटांत गच्चीच्या त्या कोपऱ्यातून वाळ्याच्या गंधाबरोबर घोरणं ऐकू आलं. लोक उठून भोवती जमले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी काठीनं भाऊंना ढोसून उठवलं, “तू जंगलात जाऊन झोप, मला इथं झोपू दे,” म्हणाल्या आणि सकाळपर्यंत उतरल्या नाहीत.

मग मागण्या आल्या. एकाच आठवड्यात चार मजल्यांवरून. पण मागणी ऐकून ग्रॅमभाऊंचा चेहरा पडायचा. गिऱ्हाईक थैली हातात घेई, वर-खाली करून पाही आणि म्हणे, “एवढंसंच? हातालाच लागत नाही. भाऊ, पैसे जास्त घ्या, पण जरा वजनदार करा न.” ज्या गावात आहेराचं भांडं उचलून नात्याची किंमत कळते, तिथं हलकं म्हणजे हलक्यातलंच. शेवटी तंबूच्या जाड्या सुती कापडाचे, पितळी कड्यांचे, निवारीच्या पट्ट्यांचे हॅमॉक शिवले जाऊ लागले. कारखान्याच्या मशीनला अखेर काम मिळालं. वहिनी शिवतात, पैसेही त्याच ठेवतात, आणि त्यांची वही वेगळी आहे. तिच्यात सगळी दुपार धरलेली असते.

ग्रॅमभाऊंचा स्वतःचा हॅमॉक मात्र त्याच 55 ग्रॅमच्या कापडाचा. परवा गच्चीवर ते इंजिनिअरकाकांना त्याचे गुण सांगत होते. साडेचारशे ग्रॅमच्या आत, चार ग्रॅम कमीच. खाली वाळ्याची ताटी गच्च भिजून लोंबत होती, तिच्यातून धार लागली होती. काकांना पीडब्ल्यूडीतली सवय. प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ते कुठलंही बिल पास करत नाहीत. त्यांनी ताटीसकट सगळा बोजा सोडवून काट्यावर ठेवला. काटा पाच किलोंपर्यंतचा. त्यानं क्षणभर विचार केला, ‘एरर’ दाखवलं आणि आकडा द्यायचं नाकारलं.

“पाहा,” ग्रॅमभाऊ म्हणाले, “काट्यालाही माहीत आहे. पाणी धरत नाहीत.”